कालगणनेतील काही नवले

इतिहासाच्या पुस्तकात सनावळी आली की बहुतेक विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात. सन म्हणजे परीक्षेपुरता पाठ करावयाचा आणि परीक्षा संपताच विसरून जावयाचा एक आकडा, अशी त्यांची समजूत असते. परंतु ज्या तारखा आपण घोकतो त्या तारखांनाही स्वतःचा एक इतिहास आहे, व तो एखाद्या अद्भुत कथेइतकाच मनोरंजक आहे. त्यातील काही नवलाच्या गोष्टी आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

वाचकांस नवल वाटावे एवढाच मात्र आमचा हेतू नाही. नवलाच्या गोष्टी दोन जातींच्या असतात. काही ऐकताना खोट्या वाटतात, पण शोध केला असता खऱ्या ठरतात. काही ऐकताना इतक्या गोड लागतात की त्या खऱ्या आहेत की नाहीत हे विचारण्याचे भानच राहत नाही. हल्ली ‘तुम्हांस हे ठाऊक आहे काय?’ असे म्हणून दोन्ही जातींच्या गोष्टी एकाच टोपलीतून घरोघर पोचतात. त्यांची निवड करता येणे हे सनावळी पाठ असण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून आमच्या टोपलीतही दोन्ही आहेत. मात्र त्या आम्ही निवडून वेगळ्या ठेविल्या आहेत.

दहा दिवस कोठे गेले?

स्पेन देशातील प्रसिद्ध साध्वी आव्हिलाची तेरेसा ही ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री निवर्तली. दुसऱ्या दिवशी तिचे दफन झाले. त्या दुसऱ्या दिवसाची तारीख कोणती? कोणीही ५ ऑक्टोबर असेच सांगेल. परंतु ती तारीख होती १५ ऑक्टोबर! मधले दहा दिवस स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतील बहुतेक प्रांत येथे उगवलेच नाहीत. तेथे ४ ऑक्टोबरास गुरुवार होता, व दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणे शुक्रवारच आला. बदलली ती केवळ तारीख.

हे कसे घडले ते समजण्यासाठी आपणांस रोमपर्यंत मागे गेले पाहिजे. ज्यूलियस सीझरच्या काळी रोमन पंचांगाचा घोटाळा इतका विकोपास गेला होता की ते ऋतूंशी पुन्हा जुळविण्यासाठी त्याला इसवी सनापूर्वी ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. पुढे त्याने ३६५ दिवसांचे वर्ष व दर चौथ्या वर्षी एक अधिक दिवस असा नियम घालून दिला. म्हणजे वर्षाचे सरासरी मान ३६५ दिवस ६ तास झाले. सूर्याच्या गतीने ऋतूंचे चक्र मात्र ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे आणि सुमारे ४६ सेकंदांत पुरे होते. दर वर्षी अकरा मिनिटांची चूक! एवढ्याशा चुकीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु १२८ वर्षांत तिचा एक पुरा दिवस होतो, आणि सीझरची गणना सोळाशे वर्षे चालली.

ख्रिस्ती धर्मात पुनरुत्थानाचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून, तिच्या पुढील रविवारी धरतात. त्यासाठी संपाताचा दिवस २१ मार्च मानलेला होता. सोळाव्या शतकात आकाशातील खरा संपात ११ मार्चच्या सुमारास होऊ लागला. सण आणि सूर्य यांची फारकत झाली. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने दहा दिवस वगळण्याचे ठरविले. या सुधारणेची मूळ योजना लिलिओ नावाच्या इटालियन विद्वानाची. तो १५७६ मध्येच वारला होता. ती पारखून घेऊन जगापुढे मांडण्याचे पुष्कळसे श्रम येशूसंघाचे गणिती क्लावियस यांचे.

पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून नियम केला की शतकाच्या अखेरच्या वर्षास चारशेने निःशेष भाग गेला तरच ते लीप वर्ष मानावे. म्हणून १६०० व २००० ही लीप वर्षे; १७००, १८०० व १९०० ही नव्हेत. या साध्या नियमाचा विसर भल्याभल्यांस पडतो. गणकयंत्रावर हिशेब करण्याची एक्सेल नावाची प्रणाली आज कचेरीकचेरीत वापरतात. तिच्यात २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आजही नांदत आहे. तिच्या आधीच्या एका प्रणालीत ती चुकून शिरली होती, व जुने हिशेब बिघडू नयेत म्हणून पुढे तशीच ठेवण्यात आली.

खरे कोणी सांगितले?

नवी गणना निर्दोष नसली तरी जुनीपेक्षा पुष्कळ अचूक होती. तथापि ती पोपकडून आली, एवढ्याच कारणाने प्रॉटेस्टंट राज्यांनी तिला दार लावून घेतले. थोर ज्योतिषी केप्लर हा स्वतः प्रॉटेस्टंट असूनही या गणनेचा कैवारी होता. इंग्लंडात १५८३ मध्ये जॉन डी या विद्वानाने राणी एलिझाबेथ हिला सुधारणा स्वीकारण्याचा सल्ला दिला. पण तेथील धर्माधिकाऱ्यांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. जर्मनीतील प्रॉटेस्टंट संस्थाने १७०० पर्यंत थांबली. इंग्लंड तर १७५२ पर्यंत अडून बसले. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून तेथे २ सप्टेंबर १७५२, बुधवार, याच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर, गुरुवार, उगवला. रशियाने ही गणना राज्यक्रांतीनंतर, १९१८ मध्ये स्वीकारली. तेथे ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारी आला.

सर्वांत मौज स्वीडनची. हळूहळू दिवस गाळीत जावे असे त्या देशाने ठरविले आणि १७०० चा अधिक दिवस गाळलाही. पुढे १७०४ व १७०८ मध्ये मात्र तो गाळावयाचे राहून गेले. स्वीडनची तारीख ना जुन्यांशी जुळे, ना नव्यांशी. शेवटी कंटाळून त्यांनी जुन्या गणनेकडे परत जावयाचे ठरविले, व त्यासाठी १७१२ मध्ये फेब्रुवारीस ३० वी तारीख दिली!

या साऱ्यात हसण्यासारखे आहे, तसे विचार करण्यासारखेही आहे. सूर्य कोणत्याही पंथाचा नाही. अकरा मिनिटांची चूक कॅथलिकांच्या देशात होती तेवढीच इतरांच्या देशातही होती. ती मोजून दाखविणारा मनुष्य आपल्या पक्षाचा नव्हता, म्हणून शहाण्यासुरत्या राष्ट्रांनी पावणेदोनशे वर्षे चुकीची तारीख लिहिणे पत्करले. सत्य विरोधकाच्या हातून आले तर ते घेण्यास मन किती कचरते, याचा याहून ढळढळीत दाखला आम्हांस ठाऊक नाही.

एक दिवस, दोन तारखा

दोन गणना एकाच वेळी चालू असल्यामुळे इतिहासात कितीतरी चमत्कार घडलेले दिसतात. इंग्रज कवी शेक्सपिअर आणि स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांतिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले, असे पुष्कळदा सांगतात. २३ एप्रिल हा दिवस १९९५ पासून युनेस्कोच्या वतीने जागतिक पुस्तकदिन म्हणून पाळला जातो. परंतु शेक्सपिअरची तारीख जुन्या गणनेची आहे. नव्या गणनेने तो ३ मे रोजी वारला. सर्व्हांतिसचे देहावसान तर २२ एप्रिलास होऊन २३ तारखेस त्याचे दफन झाले, असे अभ्यासक मानतात. म्हणजे तारीख एक, दिवस मात्र निराळे.

गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, ही गोष्टही अशीच लोकप्रिय आहे. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी वारला, ही नवी गणना. न्यूटन २५ डिसेंबर १६४२, नाताळाच्या दिवशी जन्मला, ही इंग्लंडातील जुनी गणना. दोघांस एकच माप लावले तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो. तसेच रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वाढदिवस नोव्हेंबरात का पाळीत असत, हे कोडेही येथेच सुटते. १९१७ मधील ती घटना जुन्या गणनेने २५ ऑक्टोबरची, नव्याने ७ नोव्हेंबरची.

आता हे सारे परमुलुखातील म्हणून सोडून देऊ नये. मुंबईचे बेट १६६५ मध्ये पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पोर्तुगीज नव्या गणनेचे, इंग्रज जुन्या गणनेचे. त्यामुळे राज्य बदलले त्याबरोबर बेटावरची सरकारी तारीखही दहा दिवस मागे सरली, असे म्हणावयास हरकत नाही! शिवाय इंग्रजांचे कायदेशीर वर्ष त्या काळी २५ मार्चास सुरू होई. तेव्हा गोव्याच्या दप्तरात नवे वर्ष लागून दोन महिने लोटले तरी मुंबईच्या इंग्रजाच्या पत्रावर मागील वर्षाचाच आकडा असे.

याचा संबंध आपल्या फार जिव्हाळ्याच्या दोन दिवसांशी येतो. श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक रायगडावर शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३, शनिवार या दिवशी झाला. तारीख सांगताना आपण ६ जून १६७४ असे म्हणतो. त्या समारंभास मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील हजर होता, आणि त्याच्या देशाची गणना जुनी होती. ६ जून ही त्याच जुन्या गणनेची तारीख आहे. आज आपल्या भिंतीवर जी दिनदर्शिका टांगलेली असते तिच्या नियमाने तो दिवस १६ जून होय. त्याचप्रमाणे महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३, शुक्रवारी झाला. ही जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३०, व नव्या गणनेने १ मार्च १६३० होय.

यावरून कोणी खोटे ठरत नाही. तिथी मानणारा चुकत नाही, १९ फेब्रुवारी मानणारा चुकत नाही, आणि १ मार्च सांगणाराही चुकत नाही. कापड गजाने मोजले अथवा वाराने मोजले तरी कापड तेवढेच राहते. दोन माणसे तावातावाने भांडू लागली म्हणजे एकाच्या हातात गज व दुसऱ्याच्या हातात वार तर नाही ना, हे पाहणाराच सुज्ञ म्हणावयाचा.

गोड, पण खोटे

आता दुसऱ्या जातीच्या गोष्टींकडे वळू. ऑगस्ट महिना ३१ दिवसांचा का? ऑगस्टस बादशहास आपला महिना ज्यूलियसच्या जुलैहून लहान असणे खपेना, म्हणून त्याने फेब्रुवारीचा एक दिवस चोरून ऑगस्टात घातला, अशी कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. वस्तुतः त्या महिन्याचे नाव जेव्हा ‘सेक्स्टिलिस’, म्हणजे सहावा, असे होते तेव्हाच सीझरने त्याला ३१ दिवस दिले होते. आणि फेब्रुवारी तर त्याच्याही आधीपासून २८ दिवसांचा होता. इसवी सनापूर्वी ८ मध्ये ऑगस्टसच्या नावाने बदलले ते केवळ महिन्याचे नाव. चोरीची कथा मध्ययुगातील आहे. नाव बदलले हे खरे असल्यामुळे तिच्या आधाराने चोरीही खपून गेली.

दुसरी कथा इंग्लंडातील. १७५२ मध्ये अकरा दिवस गेले तेव्हा आपले आयुष्य तेवढे कमी झाले या समजुतीने लोकांनी ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून दंगे केले, असे सांगतात. इतिहाससंशोधकांनी त्या काळचे कागद चाळले. अशा दंग्यांचा पुरावा मिळाला नाही. होगार्थ या चित्रकाराने १७५५ मध्ये निवडणुकीच्या धामधुमीचे एक विनोदी चित्र काढले. त्यात जमिनीवर पडलेल्या एका फलकावर अकरा दिवसांच्या मागणीचे शब्द आहेत. तेवढ्या बीजावरून पुढील लेखकांनी दंग्याचा वृक्ष वाढविला. भाडे, कर्ज यांची मुदत पुरे दिवस मोजून धरावी अशी तरतूद खुद्द कायद्यातच केलेली होती. अडाणी लोकांस हसण्याची संधी मिळाली म्हणजे शिकलेले लोकही पुरावा मागत नाहीत, असा याचा अर्थ.

तिसरी गोष्ट आपल्या घरची आहे. पानिपतचे घोर युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे ऐन मकरसंक्रांतीस झाले, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार मराठीत असल्यामुळे ही गोष्ट मनात चटकन रुजते. युद्धाची तारीख खरी आहे. तिथी शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार. परंतु त्या काळी संक्रांत १४ जानेवारीस येत नसे. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या सुमारासच होऊन गेली होती. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले तेव्हा त्या दिवशी संक्रांत होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आज ती १४ वा १५ जानेवारीस येते. संक्रांत पुढे सरकत आहे, हे या तीन सनांवरूनच ध्यानात येईल.

आपल्या पंचांगातील तोच प्रश्न

संक्रांत का सरकते? आपले पंचांग सूर्याची गती तारकांच्या संदर्भाने मोजते, व ते वर्ष ऋतुचक्राहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे भरते. म्हणजे सीझरच्या वर्षातील अकरा मिनिटांची अडचण आपल्याकडे वीस मिनिटांची आहे. सुमारे सतरा शतकांपूर्वी मकरसंक्रांत व सूर्याचे उत्तरेकडे वळणे ही एकाच दिवशी होत. आता सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरास; आपण तिळगूळ वाटतो ते तीन आठवड्यांहून अधिक उशिराने. सणाच्या गोडीत याने काही उणे येत नाही. परंतु ‘संक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो’ हे वाक्य विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत लिहू नये.

याच पंचांगाची दुसरी बाजू मात्र अभिमान वाटावा अशी आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. ऋतुचक्रास अकरा दिवस कमी पडतात. हिजरी गणनेत ते भरून काढीत नाहीत, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. आपल्या पूर्वजांनी साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक मास घालून चंद्र व सूर्य या दोघांनाही सांभाळले. सुधारणेचे वारेही आपल्याकडे वाहिले. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला, व त्यांच्या नावाचे पंचांग आजही निघते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय गणना सुचविली. ती २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून सरकारी व्यवहारात अमलात आली. आजही भारताच्या राजपत्रावर ती तारीख असते. घरच्या भिंतीवर मात्र तिच्याकडे क्वचितच कोणी पाहतो.

आणखी एक नवल खुद्द इसवी सनाचे. हा सन येशू ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजतात. तो मोजण्याची रीत डायोनिसियस नामक साधूने इसवी सन ५२५ मध्ये घालून दिली. परंतु ज्या हेरोद राजाच्या अमदानीत येशूचा जन्म झाला असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, तो राजा बहुतेक विद्वानांच्या मते इसवी सनापूर्वी ४ मध्ये मरण पावला. तेव्हा ख्रिस्ताचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ काळातच झाला, असे म्हणण्याची पाळी येते! श्रद्धेस याने बाध येत नाही. चूक झाली ती साधूच्या हिशेबात. त्या हिशेबात शून्य हे वर्षही नाही. म्हणून एकविसावे शतक १ जानेवारी २००१ रोजी लागले, जरी साऱ्या जगाने आतषबाजी एक वर्ष आधीच उडवून घेतली. आणि इथिओपियाच्या लोकांस विचाराल तर तेथील २००० हे वर्ष आपल्या १२ सप्टेंबर २००७ रोजी उजाडले.

विद्यार्थिमित्रहो, यापुढे कोणी तुम्हांस नवलाची गोष्ट सांगितली तर तीन प्रश्न विचारीत जा: ही कोणत्या मापाने मोजली? प्रथम कोणी लिहिली, व घटनेनंतर किती काळाने? आणि ही खरी असावी अशी आपली इच्छा आहे म्हणून तर ती आपणांस खरी वाटत नाही ना? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, कारण तो दुसऱ्यास नव्हे, स्वतःस विचारावयाचा असतो.

शेवटी थोडा अभ्यास. तारीख बदलली, सन बदलला, तरी वारांची साखळी या उलथापालथीत कोठेही तुटली नाही. म्हणून जुन्या कागदावरील तिथी व तारीख पडताळताना वार हा उत्तम साक्षीदार होय. घरातील आजोबा-आजींच्या जुन्या पत्रिका असतील तर त्यांच्या अनुमतीने पाहाव्या, आणि तिथी, वार व तारीख यांचा मेळ बसतो काय ते तपासावे. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी एक प्रश्न: रशियातील ऑर्थोडॉक्स मंडळी जुन्या गणनेने २५ डिसेंबरास नाताळ पाळतात, ती आपली ७ जानेवारी होय. २१०० हे वर्ष लीप नाही, हे ध्यानात घेऊन, २१०१ मध्ये त्यांचा नाताळ आपल्या कोणत्या तारखेस येईल?